चौसष्टावा प्रश्न

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कोट, जाड भिंगांचे चष्मे आणि फळाभर गणितं येतात. लख्खमावशींच्या डोळ्यांपुढे घाण यायची. यात कुणाचा अपमान नाही. गेली एकोणीस वर्षं त्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर धुलाईखोलीत काचेची भांडी धुत होत्या. वरच्या चार मजल्यांवर जगातल्या नाही नाही त्या गोष्टींचा शोध चालायचा आणि त्या शोधाचा उरलासुरला गाळ रोज सकाळी नऊ वाजता ढकलगाडीवरून त्यांच्या सिंकशी येऊन थांबायचा.

कोणतं भांडं कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक विभागाची रंगीत पट्टी ठरलेली होती. निळी पट्टी नदीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांची. पिवळी, जुन्या वस्त्यांची माती चाळून हजार वर्षांपूर्वी लोक काय खात होते ते हुडकणाऱ्यांची. लाल डासवाल्यांची, पांढरी दूधवाल्यांची, हिरवी रोपवाल्यांची, आणि काळी, उन्हात रस्ते का वितळतात ते बघणाऱ्या डांबरवाल्यांची. मावशींना पट्टी बघावी लागत नसे, वासावरून आणि डागावरून त्या माणूस ओळखत. दूधवाल्यांची भांडी त्या सगळ्यांत आधी घेत, नाहीतर दुपारी खोलीत उभं राहवायचं नाही. डांबरवाल्यांची सगळ्यांत शेवटी, कारण "डांबराला साबण नाही आणि डांबरवाल्यांना लाज नाही." चौकात रहदारी का तुंबते यावर काम करणारे एक प्राध्यापक होते. त्यांना खरं तर काचेची गरजच नव्हती, तरी त्यांच्याकडून आठवड्याला दोन बीकर धुवायला यायचे. "यांचं संशोधन मला पाठ आहे," मावशी म्हणत. "दोन चमचे साखर, दूध कमी."

विसळून झालेलं भांडं खिडकीच्या उजेडात धरायचं, एक डोळा मिटून आत बघायचं आणि म्हणायचं, "लख्ख!" हा शब्द उच्चारल्याशिवाय भांडं फळीवर चढत नसे. त्यावरून त्यांचं नाव पडलं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं.

घरी नवरा होता. त्याचं गल्लीच्या तोंडाशी कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, आणि बायकोला चिडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "आमची ही रोज दोनशे बाटल्या घेते," असं तो गिऱ्हाइकांना सांगे, आणि समोरच्याचे डोळे मोठे झाले की मग "धुवायला" म्हणे. लग्नाला तीस वर्षं झाली तरी हा विनोद त्याला शिळा वाटत नव्हता.

मावशींची नोकरी कराराची होती. दर वर्षी एक कागद यायचा, त्यावर सही करायची, की पुढचं वर्ष पक्कं. साठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं होती, आणि ती दोन वर्षं त्यांना हवी होती. पण यंदा भांडी धुण्याचं यंत्र घ्यायचं चाललंय अशी कुणकुण होती. कार्यालयाचे अधीक्षक येता-जाता धुलाईखोलीच्या दाराची रुंदी डोळ्यांनी मोजून जात. धुलाईखोलीच्या भिंतीवर नियमांचा फलक होता. त्यातला तिसरा नियम असा: संस्थेने दिलेल्या साबणाखेरीज अन्य काहीही वापरू नये. तो फलक मावशी दर शनिवारी ओल्या फडक्याने स्वतः पुसत. पुसणं वेगळं आणि पाळणं वेगळं, हे त्यांच्या इतके दिवस लक्षात आलं नव्हतं.

आता शेवाळवालीविषयी सांगायला हवं.

हिरव्या पट्टीच्या विभागात एक मुलगी पीएचडी करत होती. अंगाने काडी, पण कामाला वाघ. एका जातीच्या शेवाळाचा अर्क घातला तर खाऱ्या पाण्यातही रोपांची मुळं वाढतात का, हे ती तपासत होती. त्यासाठी दीड वर्ष तयारी करून तिने साठ फ्लास्क घेतले होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी काचेवर आकडा कोरून घेतला होता. एक ते तीसमध्ये अर्क घालायचा, एकतीस ते साठमध्ये नुसतं खारं पाणी. साठही फ्लास्कांत रोपं, आणि दर तीन आठवड्यांनी मुळं मोजायची. भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून एकच फ्लास्क कायम एकाच कामाला. मोठी शिस्तीची पोर. ती इतर विद्यार्थ्यांसारखी भांडी गाडीत टाकून पळायची नाही. "मावशी, आज साठ आहेत हं, सॉरी," असं दारातून म्हणायची. एवढं म्हणणारी त्या चार मजल्यांवर ती एकटीच. मावशींचा तिच्यावर जीव जडायला तेवढं पुरलं.

शेवाळाच्या अर्काचं एक होतं. तो फ्लास्कच्या गळ्याशी हिरवं कडं धरायचा. संस्थेचा साबण म्हणजे पाण्याचाच थोरला भाऊ, त्याने ते कडं हलायचं नाही. मावशी घासघास घासत, उजेडात धरत, एक डोळा मिटत, आणि "लख्ख" काही तोंडातून निघत नसे. पहिल्या सहा महिन्यांत या तीस फ्लास्कांनी त्यांना रडकुंडीला आणलं. शेवटी एक दिवस त्यांनी घरची भांड्यांची पूड एका जुन्या डब्यात भरून आणली. बोटभर पूड, ओला ब्रश, दोन फेरे, आणि कडं गायब. मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने विसळायचं, वर नियमापेक्षा एकदा जास्त. लख्ख! पुढची दोन वर्षं तो डबा सिंकखाली ब्रशांच्या मागे होता. एक ते तीसला पूड, कारण कडं त्यांनाच. एकतीस ते साठ बिचारे स्वच्छच असत, त्यांना साबण पुरे.

त्याच सुमाराला वहीवाले आले.

वहीवाले म्हणजे वरच्या मजल्यावरचे नव्हेत. शेजारच्या इमारतीत समाजशास्त्राचा विभाग होता, तिथून आले. चाळिशीला टेकलेले, टक्कल पडायला लागलेलं, बोलायला गोगलगायीसारखे सावकाश. त्यांचा विषय होता, संशोधनात ज्यांचे हात लागतात पण ज्यांचं नाव कुठेच येत नाही अशी माणसं. मावशींनी आधी त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं, कारण त्यांच्याकडे धुण्यासारखं काहीच नव्हतं. ना पट्टी, ना बाटली, ना डाग. हे कसलं संशोधन?

"तुम्ही माझ्याकडे बघून काय शोधणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय करता ते लिहून घेणार."

"भांडी धुते. लिहा. झालं संशोधन."

पण वहीवाले हलले नाहीत. त्यांनी आधी एका कागदावर मावशींची सही घेतली. त्यात लिहिलं होतं की मावशींचं नाव कुठेही येणार नाही, त्या 'सहभागी क्रमांक सात' असतील, आणि त्यांच्या परवानगीशिवाय वहीतलं पान कुणालाही दाखवलं जाणार नाही. मग सहा आठवडे ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घड्याळ बघत लिहीत राहिले. नऊ वाजून दहा मिनिटं, दुधाची भांडी. नऊ चाळीस, कंबर धरून उभ्या. मावशींना हसू यायचं. जन्मात एवढं लक्ष नवऱ्याने दिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी चौसष्ट प्रश्न विचारले. कामाबद्दल समाधान एक ते पाचमध्ये किती? "बोटं दहा आहेत, पाचच का?" वरच्या मजल्यावर गेला आहात का? "गळणारा नळ दाखवायला." असं करत गाडी चौसष्टाव्यावर आली. तुम्ही हे काम कसं करता, असं आजवर कोणा संशोधकाने तुम्हाला विचारलं आहे का?

मावशींनी हातातला ब्रश थांबवला. "भांडी कधी मिळतील असं विचारतात," त्या म्हणाल्या. "कशी धुता, असं कोण विचारणार?"

वहीवाल्यांनी 'नाही'पुढे खूण केली, आभार मानले आणि ते गेले. मावशी त्यांना विसरूनही गेल्या.

इकडे शेवाळवालीचं नशीब उघडलं होतं. अर्कवाल्या फ्लास्कांत मुळं दुप्पट वाढायला लागली. एकदा नाही, दर खेपेला. तिचे गाइड, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते परिषदांमधून तिचे आलेख दाखवत हिंडू लागले. मोठ्या नियतकालिकात लेख छापून आला. तिने तो अंक खाली आणून मावशींना दाखवला. मावशींना एक अक्षर कळलं नाही, पण फोटोतले फ्लास्क पाहून त्या म्हणाल्या, "बघ कसे चमकतायत!" आणि दोघी हसल्या. थिसिस द्यायला तीन महिने राहिले होते.

आणि मग एका सोमवारी ती दारात येऊन "सॉरी" न म्हणताच उभी राहिली.

"काय गं, काय झालं?"

तिने सांगितलं ते असं. दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेने तिचाच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना काहीच मिळालं नाही. मोठे सर हसले, म्हणाले, त्यांचं चुकलं असेल. मग त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली, खोक्यातले कोरे फ्लास्क काढून, तिच्याकडून प्रयोग परत करून घेतला. मुळं तेवढीच्या तेवढी. अर्क घाला नाहीतर घालू नका.

"आता ते म्हणतात, दोन वर्षं आकडे कुठून आणलेस?" तिने दाराची कड धरली. "गुरुवारी समिती आहे. मी आकडे बनवले असं त्यांना वाटतंय मावशी. मी एकेक मूळ पट्टीने मोजलंय हो! जुन्या फ्लास्कांत वाढतात, नव्यात वाढत नाहीत. हे मी कुणाला सांगू? काचेने काय फरक पडतो?"

मावशींच्या हातातला फ्लास्क तसाच राहिला. जुन्यात वाढतात, नव्यात नाहीत. नव्या फ्लास्कांना अजून कडं धरलं नव्हतं. नव्यांना पूड लागली नव्हती.

पीएचडी नसलेल्या बाईला हे समजायला अर्धं मिनिट लागलं. तिला समोरच्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी पाय मागेही ओढले गेले. "जा, चहा पी," एवढंच त्या म्हणाल्या. मुलगी गेल्यावर त्यांनी सिंकखालचा डबा काढला, पिशवीत घातला आणि तो दिवसभर पिशवीतच राहिला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"कुणी बघितलंय का तुला पूड लावताना?"

"कोण बघणार? खाली कोण येतं?"

"मग झालं तर. विकतचं दुखणं घेऊ नकोस. तिसऱ्या नियमावर तुला घरी बसवतील, अधीक्षकाला तर यंत्रासाठी निमित्तच हवंय. एवढी कुलपं विकतो मी, त्यातलं एक लाव तोंडाला."

"आणि त्या पोरीचं?"

"हुशार आहे. दुसरं काहीतरी शोधेल."

"चोर म्हणून शिक्का बसल्यावर काय शोधेल, अहो?"

ताट आवरताना तो म्हणाला, "माझ्याकडे एकदा एक माणूस आला होता. म्हणाला, नोकराने तिजोरी उघडून चोरी केली. नोकराला काढलं होतं त्याने. मी कुलूप खोलून बघितलं, तर आतली पट्टीच झिजलेली. कुठल्याही किल्लीने उघडत होतं. मीच विकलेलं."

"मग? सांगितलंत?"

"नाही." त्याने नळ बंद केला. "अठरा वर्षं झाली. तो नोकर अजून रस्त्यात भेटतो. नमस्कार करतो मला."

हात पुसत तोच म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. मी आहे."

पण नुसतं सांगून काय होणार? मावशींनी दुसऱ्या दिवशी भांडी धुता धुता विचार केला. लोक म्हणतील, म्हातारीचा मुलीवर जीव आहे, तिला वाचवायला अंगावर घेतेय. दोन वर्षांपूर्वीचा पुरावा कुठून आणायचा? हजेरीपुस्तकात पुडीची नोंद थोडीच असते? आणि मग एकदम त्यांना कोपऱ्यातलं स्टूल दिसलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या ॲप्रनसकट शेजारच्या इमारतीत गेल्या. वहीवाले कागदांच्या ढिगामागे बसले होते. त्यांनी तीन वह्या चाळल्या आणि चौथीत पान सापडलं. त्यांनी वाचून दाखवलं: "दहा चाळीस. सहभागी सातने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. पांढरी पूड. फक्त हिरवं कडं असलेल्या फ्लास्कांना लावली. कारण विचारलं असता म्हणाल्या, इथला साबण याला ऐकत नाही, आजपासून घरची आणलीय." खाली तारीख होती.

"आजपासून," मावशी म्हणाल्या. "असंच म्हटलं होतं मी?"

"शब्दन् शब्द."

"मग हे पान द्या मला."

वहीवाल्यांनी वही मिटली. पहिल्यांदाच ते जरा भराभर बोलले. "मावशी, मी तुम्हाला लेखी शब्द दिलाय. हे पान बाहेर गेलं की क्रमांक सात कोण हे शेंबडं पोरही सांगेल. यात तुमचं नुकसान आहे. मी माझ्या हाताने हे देऊ शकत नाही."

"माझ्या परवानगीशिवाय देऊ शकत नाही, असंच लिहिलंय ना?"

"हो."

"मग आणा कागद. परवानगी देते. आणि सात नको, नाव लिहा माझं."

सही करायला त्यांना जरा वेळ लागला. साबणाने सोललेल्या बोटांनी पेन नीट धरवत नव्हतं, असं त्यांनी वहीवाल्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

गुरुवारी समितीत तिघं होते: मोठे सर, दूधवाल्यांच्या विभागप्रमुख बाई आणि अधीक्षक. शेवाळवाली एका टोकाला खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मावशी आत शिरल्या तेव्हा अधीक्षक म्हणाले, "नळाचं काम असेल तर नंतर या."

"नळाचं नाही," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावर डबा ठेवला.

त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत, आणि कुणाकडे बघितलंही नाही. वहीच्या पानाची प्रत पुढे केली. मोठ्या सरांनी शेवाळवालीच्या आलेखांची फाइल उघडून तारीख लावून पाहिली. पानावरच्या तारखेनंतरच्या पहिल्याच खेपेपासून मुळं वाढायला लागली होती.

दूधवाल्या बाईंनी डबा उघडून वास घेतला. "यात फॉस्फेट असणार," त्या म्हणाल्या. "खतात असतं तेच. ब्रशने काचेला बारीक ओरखडे पडतात, त्यात बसून राहत असेल, तीनदा विसळलं तरी. आपल्याला दिसत नाही, मुळांना बरोबर कळतं. पण हा नुसता अंदाज झाला."

"मग करून बघा," मावशी म्हणाल्या. "वीस नवे फ्लास्क द्या. दहा पुडीने धुते, दहा साबणाने. कोणते कुठले ते तुम्हाला सांगत नाही. या पोरीने हात लावायचा नाही. शेवाळ घालूच नका. दिसेल काय ते."

दूधवाल्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हा प्रयोग तुम्हाला कुणी शिकवला?"

"एकोणीस वर्षं तुमचीच खरकटी काढतेय, बाई."

आकड्यांची यादी पाकिटात बंद झाली. पुढचे तीन आठवडे मावशींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुडीने काहीच फरक पडला नाही तर? तर मुलगी गेली, आणि आपणही फुकटच गेलो. आपलीच चूक खरी ठरू दे म्हणून जीव टांगणीला लागलेली त्या इमारतीत ती एकटीच बाई असेल. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "आली का मुळं?" जणू घरातच कुणाचं बाळंतपण होतं.

मुळं आली. पाकीट फोडलं तेव्हा लांब मुळांचे दहाच्या दहा फ्लास्क पुडीचे निघाले. मुलीने आकडे बनवले नव्हते, हे सर्वांदेखत सिद्ध झालं. आणि शेवाळाने मुळं वाढत नाहीत, हेही तिथेच सिद्ध झालं. चार वर्षांचं काम एका दुपारी केरात गेलं. शेवाळवाली उठली, मावशींच्या शेजारून गेली आणि बाहेर पडली. तिने वर पाहिलं नाही.

मावशींना ते लागलं. लागायचंच. पंधरा दिवस हिरव्या पट्टीची भांडी कुणीतरी दुसरंच आणून टाकत होतं. कार्यालयातून तिसऱ्या नियमाच्या भंगाबद्दल पत्र आलं. डबा पुरावा म्हणून अधीक्षकांच्या कपाटात गेला. करार वाढवायचा की नाही, ते लेख मागे घेण्याचं निवेदन छापून आल्यावर ठरवू, असं अधीक्षकांनी तोंडी सांगितलं. कारण नियतकालिकाला लिहून कळवावं लागणार होतं, लेख का चुकला ते. मोठ्या सरांनी मसुदा केला होता: 'धुलाई कर्मचाऱ्याने नियमबाह्य पूड वापरल्यामुळे प्रयोग दूषित झाला.' एवढं एक वाक्य छापलं की अधीक्षकांचं काम झालं. फक्त त्याखाली शेवाळवालीची सही हवी होती.

ही बातमी मावशींना ढकलगाडीवाल्याकडून कळली. त्यांनी दूधवाल्यांची भांडी धुतली, डांबरवाल्यांची धुतली, फलक पुसला. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "करेल हो सही. का नाही करणार? खोटं काय आहे त्यात?"

तो म्हणाला, "दुकानात बसत जा माझ्याजवळ. किल्ल्या घासायला माणूस हवाच आहे."

सोमवारी सकाळी नऊ वाजता गाडी आली. गाडी ढकलत शेवाळवाली स्वतःच आली होती. चेहरा उतरलेला, पण केस नीट बांधलेले. तिने खिशातून कागद काढून ओट्यावर, सुक्या जागी ठेवला.

"काल पाठवलं हे. सर तीन दिवस बोलत नव्हते माझ्याशी. शेवटी त्यांनीही सही केली."

"मला कुठे कळतंय त्यातलं."

"मी वाचते." तिने मधली तीन वाक्यं आधी मूळ भाषेत आणि मग साध्या शब्दांत वाचली. "आमची भांडी कशी धुतली जातात हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्हाला सांगितलं गेलं असतं. ही चूक आमची आहे."

मावशींनी हात पुसले. परत पुसले. करार, यंत्र, साठ वर्षं, काहीच आठवेना. "अगं, तुझी चार वर्षं गेली ना माझ्यापायी," त्या म्हणाल्या, आणि समितीसमोर न आलेलं रडू आता आलं.

"गेली," मुलगी म्हणाली. ती खोटं बोलली नाही. "राग पण आला होता. खूप. तुमच्यावर, सरांवर, स्वतःवर. पण मग वाटलं, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असता तर मी जन्मभर खोटारडी राहिले असते, आणि तो लेख खरा."

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून सिंकजवळ घेतलं. पिशवीतून कोरी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि पेन उघडलं.

"नव्याने सुरू करतेय मावशी, पहिल्या फ्लास्कपासून. सांगा, भांडी कशी धुता? काहीही सोडू नका."

मावशी नाक पुसून म्हणाल्या, "आधी त्या वहीवाल्यांना निरोप दे. म्हणावं, चौसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर बदललंय."

आणि मग, बाह्या सावरून, "ती वही जरा बाजूला ठेव. सगळ्यात आधी आपले हात धुवायचे."